कच्चा मसुदा

सकाळी चहाला आधण ठेवलं की धम्मशीला रामटेके फोन उचलायची आणि रात्रीतून आपला लेख जगात कुठे उघडला गेला ते बघायची. पीअरलूप नावाचं संशोधकांचं एक संकेतस्थळ होतं. तिथे आपला फोटो लावायचा, आपले लेख ठेवायचे, एकमेकांना फॉलो करायचं. मग पहाटे कधीतरी त्यांची ईमेल येऊन पडलेली असायची: लिमा शहरातून कोणीतरी तुमचा लेख वाचला. कोणी वाचला ते कधी कळायचं नाही, फक्त शहर कळायचं. तेवढं बघून ती आलं किसायला घ्यायची.

चहा झाला की तिरोड्याला आईला फोन. तिकडे जेवणाची वेळ होत आलेली असायची.

“आज पेरू देशात वाचलं कोणीतरी, आई.”

“मंग का म्हणतेत ते?”

“काही म्हणत नाहीत. वाचतात फक्त.”

“वाचू दे बाप्पा,” सिंधुबाई म्हणायची, आणि शेजारणीला हाक मारून सांगायची की आज पेरूवाल्यांनी वाचलं. शेजारीण विचारायची, पेरूवाले म्हणजे बाजारातले का? साउथहॅम्प्टनच्या स्वयंपाकघरात उभी राहून धम्मशीला हे सगळं ऐकत असायची.

लेखाचं नाव होतं ‘छाट’. सिंधुबाईने उभं आयुष्य बिड्या वळल्या. संध्याकाळी त्या कंत्राटदाराकडे नेऊन द्यायच्या. तिथे बसलेला चेकर मुठीमुठीने बिड्या बाजूला टाकायचा. ही सैल आहे, ही वाकडी आहे, हिचं तोंड नीट मिटलेलं नाही. बाजूला पडलेल्या त्या ढिगाला छाट म्हणत. तिची मजुरी मिळत नसे आणि ती परतही मिळत नसे. लहानपणी धम्मशीलाला वाटायचं, ते लोक ती जाळून टाकत असतील. पुढे संशोधनासाठी ती गावोगाव अशा बायकांच्या ओसरीवर बसली, कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसांना भेटली, तेव्हा तिला कळलं की छाटसुद्धा त्याच बंडलांत बांधून, त्याच भावाने विकली जायची. लेखात ते पुराव्यासकट होतं, आणि बायकांच्या स्वतःच्या शब्दांत होतं. पहिल्याच पानावर सिंधुबाईच्या हातांचा फोटो होता.

धम्मशीला इंग्लंडला आली ती नवऱ्याबरोबर. प्रबुद्ध इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. मुलगी अन्वी शाळेतून बाहेर पडेपर्यंत धम्मशीलाने घर सांभाळलं आणि मग, ज्या वयात इतर बायका गुडघ्यांबद्दल बोलू लागतात त्या वयात, पीएचडीला नाव घातलं. पदवी मिळाली. ट्रेनने जाण्याइतक्या जवळच्या एका विद्यापीठात शिकवायचं कामही मिळालं, पण वर्षाच्या कराराने. दर उन्हाळ्यात करार संपायचा आणि सप्टेंबरात नवा व्हायचा. मधल्या आठवड्यांत तिचं कार्ड विभागाचं दार उघडत नसे. पुस्तक हवं असलं की ती काचेबाहेर उभी राहायची आणि आत कोणी जाताना दिसलं की हसायची.

त्या वर्षी विभागात एक जागा कायम होणार होती. दोघंच दावेदार होते, ती आणि देव. देव तिशीतला, इथेच जन्मलेला, तिच्याच हाताखाली शिकून गेलेला. अट सरळ होती. सरकार दर काही वर्षांनी सगळ्या विद्यापीठांच्या संशोधनाचा हिशेब घेतं, त्या हिशेबात धरता येईल असा एक चांगला लेख हवा. धम्मशीलाला पगाराची चिंता नव्हती. कायम जागा म्हणजे संशोधनाची रजा, आणि रजा म्हणजे तिरोडा, गोंदिया, भंडारा. तिथल्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. ज्यांच्याशी एकदा बोलून झालं होतं त्यांतल्या काही गेल्याही होत्या. उरलेल्यांचं ऐकून घ्यायला कोणी दुसरं जाणार नव्हतं.

‘छाट’ एका नावाजलेल्या नियतकालिकाने स्वीकारला तेव्हा जागा तिचीच, असं विभागात सगळे धरून चालले.

विभागाची संशोधनप्रमुख मालविका. तिचे आजी-आजोबा पुण्याचे, ती स्वतः लंडनच्या पिनर उपनगरात वाढलेली. तिचं मराठी इतकं घोटीव होतं की भारतातून नुकते आलेले विद्यार्थी तिच्यासमोर गप्प बसत. विभागात सगळे एकमेकांना नावाने हाक मारत, मालविका मात्र धम्मशीलाला ताई म्हणायची, तेही इंग्रजी वाक्यांच्या मधोमध. वयाचा मान म्हणून, असं ती इतरांना समजावून सांगायची.

लेख स्वीकारला जाण्याच्या बऱ्याच आधी विभागाच्या बैठकीत त्याचा कच्चा मसुदा सगळ्यांनी वाचला होता. चर्चा संपत आली तेव्हा मालविका खुर्चीत पुढे सरकली.

“एकच विनंती, ताई. तुमचं इंग्रजी अजिबात सुधारू नका हं. त्याला मातीचा वास आहे. आमच्यासारख्यांना जीव तोडूनसुद्धा असं लिहिता यायचं नाही.”

मग तिने टेबलाभोवतीच्या बाकीच्यांसाठी हेच इंग्रजीत सांगितलं. लोक कौतुकाने हसले. कोणीतरी ‘ऑथेंटिक’ असा शब्द काढला. देव पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिला. धम्मशीलानेही हसून मान डोलावली, आणि घरी परतताना ट्रेनमध्ये पहिल्या पानावरचे इंग्रजी ‘द’ आणि ‘अ’ तपासत बसली. काही ठिकाणी ते नको तिथे होते, काही ठिकाणी हवे तिथे नव्हते. त्या दिवसापासून तिने आपला मसुदा कोणाला दाखवला नाही.

म्हणून नियतकालिकाची छापील प्रत आली तेव्हा तिला झालेला आनंद निराळा होता. तिथल्या संपादकाने वाक्यं सरळ केली होती. सगळे ‘द’ जागच्या जागी बसले होते. दोन स्तंभांत बांधलेली पानं, वर तिचं नाव, खाली आईचे हात. त्याच दिवशी तिने ती प्रत पीअरलूपवर चढवली. मालविकाने सगळ्यांच्या आधी शिफारशीचं बटण दाबलं आणि खाली लिहिलं: विलक्षण, कच्ची, जिवंत साक्ष. ‘साक्ष’ या शब्दापाशी धम्मशीला जराशी अडखळली. तिने त्याला संशोधन म्हटलं असतं. पण तिने आभार मानले.

याच सुमारास लायब्ररीतून तनिषाची ईमेल आली. विद्यापीठाचं स्वतःचं एक ऑनलाइन कपाट होतं, त्याला रिपॉझिटरी म्हणत. लेख स्वीकारला गेल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचा मसुदा त्या कपाटात ठेवायचा असा नियम होता. तसं केलं नाही तर सरकारी हिशेबात लेख धरला जाणार नव्हता. धम्मशीलाने लगेच छापील प्रत पाठवून दिली. तनिषाने ती परत केली. छापील पानांवर प्रकाशकाचा हक्क असतो, ती आम्हाला ठेवता येत नाहीत, तुम्ही संपादकांना पाठवलेला आणि त्यांनी स्वीकारलेला शेवटचा मसुदा द्या, असं तिने लिहिलं. मसुदा लगेच कोणाला दिसणारही नाही, प्रकाशकाची मुदत संपेपर्यंत तो कुलपातच राहील, आम्हाला फक्त तो वेळेत हवा आहे, हेही लिहिलं.

स्वीकारलेला शेवटचा मसुदा म्हणजे संपादकाने वाक्यं सरळ करण्याआधीचा. तो धम्मशीलाच्या लॅपटॉपवर होता. तिने उघडला, पहिलं पान वाचलं आणि मिटला. सिंधुबाईने सैल बिडी कधी सुपातून पुढे जाऊ दिली नव्हती. चेकरने टाकण्याआधी ती स्वतःच उकलून पुन्हा वळायची. जगात लेखाची पक्की प्रत फिरत असताना विद्यापीठाने कच्ची मागावी, आणि ती कायमची जपून ठेवावी, हे धम्मशीलाला पटेना. कुलपात म्हटलं तरी कुलूप एक दिवस निघणारच होतं. तिने तनिषाला कळवलं की लेख पीअरलूपवर सर्वांसाठी खुला आहे, ही लिंक. तनिषाचं उत्तर आलं की ती साइट नियमात बसत नाही, कृपया मसुदा पाठवा.

शनिवारी अन्वी मिल्टन कीन्सहून आली होती. ती तिथे एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायची. जेवताना धम्मशीलाने आजचं शहर सांगितलं, नैरोबी.

“मम्मा, तुला कसं माहीत की ते माणूस आहेत?”

“म्हणजे?”

“बॉट्स असतात. तुला रोज मेल टाकतात, म्हणजे तू रोज क्लिक करशील. दॅट्स द होल पॉइंट.” अन्वीने पोळीचा तुकडा मोडला. “इट्स नॉट अ लायब्ररी, मम्मा. तो कंपनी आहे.”

“ती कंपनी,” प्रबुद्ध म्हणाला.

“व्हॉटेव्हर. ती कंपनी. ॲन्ड शी इज द प्रॉडक्ट.”

प्रबुद्ध हसला. अन्वीने आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि वरण मागितलं. धम्मशीलाने वाढलं. दुसऱ्या दिवशी आईला फोन करताना तिने नैरोबी जरा हळू आवाजात सांगितलं.

मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना ती मालविकाच्या खोलीत गेली. विचारायला तिला संकोच वाटत होता, तरी विचारलं. मसुदा द्यायलाच हवा का? आपण त्यातलं इंग्रजी आधी नीट करून मग दिला तर?

मालविका पडद्यावर काहीतरी वाचत होती. तिने चष्मा काढला. “अहो ताई, घाई काय आहे? सगळ्या जगाला वाचायला मिळतंयच ना. मीच किती जणांना लिंक पाठवली. सावकाश करा, छान करा.”

धम्मशीलाला हायसं वाटलं. तिने सावकाश केलं. रोज क्लास संपला की एकेक परिच्छेद. तनिषाची आठवण करून देणारी शेवटची ईमेल आली तेव्हा मसुदा निम्म्याच्या पुढे गेला होता. तिने उत्तर दिलं की काम चालू आहे, संशोधनप्रमुखांशी बोलणं झालं आहे. मुदत उलटली. त्यानंतर काही दिवसांनी तिने इंग्रजी सुधारलेला मसुदा लायब्ररीला पाठवला. तनिषाने कळवलं की स्वीकारलेल्या मसुद्यात आता बदल चालत नाहीत, आणि तारीखही गेली आहे.

मग एका सकाळी पीअरलूपच्या ईमेलमध्ये शहर नव्हतं. हक्कधारकाच्या विनंतीवरून आपला लेख काढून टाकण्यात आला आहे, एवढंच होतं. प्रकाशकाने छापील प्रती शोधून हजारो लेखकांना अशी नोटीस धाडली होती. त्यात तिला कोणी वेगळं निवडलेलं नव्हतं. लेखाच्या जागी राखाडी चौकोन उरला. आईच्या हातांचा फोटोही गेला. मालविकाची शिफारस मात्र खाली तशीच होती.

आधणाला उकळी आली. तिने फोन लावला.

“कुठं वाचलं वं आज?”

“केनियात,” धम्मशीला म्हणाली.

त्यानंतर ती रोज एक शहर सांगू लागली. शहरं संपत आली तेव्हा तिने अन्वीच्या शाळेतला जुना नकाशा काढून टेबलाच्या काचेखाली सरकवला. सिंधुबाईला आता नावांचा नाद लागला होता. एखादं नाव आवडलं तर ती पुन्हा म्हणून बघायची. मोंबासा तिला फार आवडलं.

जागेचा निर्णय सांगायला मालविकाने तिला बोलावलं. टेबलावर बिस्किटांची ताटली होती. मालविकाने आधी प्रबुद्धची विचारपूस केली, मग अन्वीची. मग ती म्हणाली की ‘छाट’ सरकारी हिशेबात धरता येत नाही, त्यामुळे समितीला देवचं नाव पुढे न्यावं लागलं.

देवचाही लेख उशिरा गेला होता, हे धम्मशीलाला माहीत होतं. तो लग्नाच्या गडबडीत मसुदा द्यायचं विसरला होता आणि मुदतीनंतर धावत जाऊन देऊन आला होता. विभागाला अशी थोडी सूट घेता येते, एखाददुसरा लेख उशिरा गेला तरी चालवून घेतात. ती सूट तिने मागितली. शब्द नीट जुळवून, मराठीत मागितली.

“ती देवसाठी वापरली,” मालविका म्हणाली.

“त्याच्यासाठी का?”

“तो विसरला होता, ताई. तुम्हाला लायब्ररीने पुन्हापुन्हा लेखी कळवलं, आणि तुम्ही दिलं नाहीत. वरच्या समितीपुढे मी काय सांगू? विसरण्याला माफी असते. नकाराला नसते.”

“तुम्हीच म्हणालात, घाई नाही.”

मालविकाने आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. “म्हणाले असेन. पण मी लायब्ररी नाही ना.”

खाली रस्त्यावरून बस गेली. मालविकाने ताटली थोडी पुढे सरकवली. “आणि मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला तशी गरजही नाही. प्रबुद्ध डॉक्टर आहेत. देवचं आत्ता कुठे सुरू होतंय. आणि हे बघा, ‘छाट’चं पोस्टर आपण प्रवेशद्वारापाशी लावतोय, नव्या विद्यार्थ्यांसाठी. तुमच्या आईंच्या हातांचा फोटो मोठा करून घेतलाय. त्याला तुमची हरकत नसेल ना?”

लेख मोजला जाणार नव्हता, पण भिंतीवर राहणार होता. असा माल तिने आयुष्यभर पाहिला होता. ती हरकत नाही म्हणाली, आणि एक बिस्किट घेतलं, कारण ताटली अजून तिच्यापुढेच होती.

करार संपला त्या दिवशी तिने खोली रिकामी केली. त्याच संध्याकाळी स्टेशनवर, ट्रेनची वाट बघत असताना, तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. प्रबुद्ध पोचला तेव्हा ती शुद्धीवर होती. ती त्याच्याकडे बघत होती, बोलता येत नव्हतं. त्यानंतर तिला बोलता आलंच नाही. वॉर्डमध्ये अन्वी सकाळी फोन लावून तिच्या कानाशी धरायची. सिंधुबाई पलीकडून विचारायची, कुठं वाचलं वं आज, आणि थांबायची. एकदा ती फार वेळ थांबली, तेव्हा अन्वीने फोन आपल्या कानाला लावला आणि म्हणाली, “आजी, आज कुठेच नाही वाचला.” तिला खोटं बोलायचं आहे हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

पानगळ सुरू व्हायच्या आत धम्मशीला गेली. मालविकाने पीअरलूपवर तिच्यावर दोन परिच्छेद लिहिले. त्यातही मातीचा वास होता. पुष्कळ जणांनी शिफारशीचं बटण दाबलं, आणि मालविकाच्या फोनवर काही दिवस शहरांची नावं येत राहिली.

शेवटचं असं धम्मशीला जे बोलली ते त्या दुपारी, खोली रिकामी करताना, देवशी. खोली आता त्याची होणार होती. तो दोन खोकी घेऊन दारात उभा होता. बॅग भरायची राहिलेली बघून तो ओशाळला.

“सॉरी, मी नंतर येतो. तुमचा पॅकिंग झाला नाहीये.”

तिने त्याला आत बोलावलं, खोकी कुठे ठेवायची ते दाखवलं. तो थोडा वेळ घुटमळला. मग त्याने सांगितलं की पुढच्या टर्मला ‘छाट’ शिकवायचा त्याचा विचार आहे. पण ते नियतकालिक आपली लायब्ररी घेत नाही, आणि पीअरलूपवर आता मिळत नाही. तुमच्याकडे ड्राफ्ट असेल का, असं त्याने विचारलं. विचारताना तो तिच्याकडे बघत होता. त्याला खरंच हवा होता.

असेल म्हणाली ती. घरी गेल्यावर बघते म्हणाली. मग तिने कोट चढवला, बॅग खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

“देव, हा हीटर लगेच तापत नाही. थंडीत आल्या आल्या लाव, आणि थोडा वेळ कोट काढू नकोस.”